बाबांची संगत

लेहरा

बाबांना जाऊन आज दोन महिने झाले. मध्ये एकदा त्यांच्याविषयी लिहायला बसले होते. जन्म, शिक्षण, नोकरी, लग्न, दोन मुली असं ओळीने लिहीत गेले आणि अर्ध्या पानात सगळं संपलं. आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "यात तबला कुठाय? आणि माणसं कुठायत?" म्हणून आता जसं आठवतंय तसं लिहिते. इथे गाण्याबजावण्यात जीव असलेली बरीच मंडळी आहेत, त्यांना कळेल.

बाबा तबला वाजवायचे. पोटापाण्यासाठी नाही. नोकरी हिशेबतपासणीची, ती ३४ वर्षं केली. तरुणपणी ९ वर्षं रीतसर शिकले होते, हात तयार होता, पण सोलो कधी वाजवला नाही. कोणी फारच गळ घातली तर म्हणायचे, "मी संगतीचा माणूस. समोर कोणी गाणारं असलं की माझे हात चालतात." तबल्याची संगत आणि माणसांची संगत, आपल्याकडे शब्द एकच आहे. बाबांच्या बाबतीत मला ते दोन अर्थ सुटे करता येत नाहीत.

शनिवारी संध्याकाळी घरी गाणं असायचं. बैठक म्हटलं तर फार मोठं वाटेल. पेटी, तबला, तंबोरा, एक सतरंजी आणि जो येईल तो. बाबांच्या ऑफिसातल्या एक बाई यायच्या. गळा गोड, पण तालाला बिचकायच्या. मध्यलय तीनतालातली बंदिश सुरू केली की समेवर, म्हणजे सोळा मात्रांच्या आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, यायच्या वेळी हमखास गडबड. बाबा चौदाव्या-पंधराव्या मात्रेला असा काही छोटा तुकडा टाकायचे की सम समोरून चालत येताना दिसावी. तरीही त्या घसरल्या तर बाबा ठेका, म्हणजे तालाचे ठरलेले बोल, तिथेच दुमडून त्यांच्या समेवर आपली सम आणून ठेवायचे. मी तेव्हा तेरा-चौदा वर्षांची, नियम नुकते शिकलेली. सगळे गेल्यावर विचारलं, "बाबा, त्या एक मात्रा आधी आल्या होत्या. तुम्ही का बदललंत?" म्हणाले, "त्या वेळेवर आल्या होत्या गं. मला उशीर झाला." दोनेक वर्षांनी त्याच बाई विलंबित एकताल गात होत्या, आणि बाबा मान खाली घालून नुसता ठेका भरत होते.

त्यांची फोन नंबरांची वही माझ्याकडे आहे. प्रत्येक नावासमोर नंबर आणि त्यापुढे कंसात पट्टी, म्हणजे तो माणूस पेटीच्या कुठल्या सुरात गातो ते. काळी एक. काळी पाच. पांढरी चार. कोण यायचंय हे कळलं की ते यायच्या आत तबला त्यांच्या सुरात लावलेला असायचा. तबल्याच्या कडेची सोळा घरं, हातोडीचे हलके ठोके, एका घराला ठोकलं की समोरचं घर तपासायचं. सूर चढवायचा तर गजऱ्यावर, म्हणजे कडेच्या चामडी वेणीवर, वरून, उतरवायचा तर खालून. "माणूस दारात आल्यावर तबला लावायला बसलो तर त्याला वाटतं, आपल्यामुळे खोळंबा झाला," असं म्हणायचे. जे गात नव्हते त्यांच्या नावापुढे पट्टीच्या जागी फक्त 'ऐ.' लिहिलंय. ऐकणारे. बाबा गेल्यावर कोणाकोणाला कळवायचं म्हणून ही वही उघडली, तेव्हा मोजले. २१२ नावं आहेत, त्यांतली १३० 'ऐ.' आहेत.

मला झोपवताना ते पाठीवर दादरा वाजवायचे. धा धी ना, धा ती ना. 'धा'ला सगळा तळवा, 'ना'ला फक्त बोटाचं टोक. लय हळूहळू उतरवत न्यायचे. मला वाटतं सहा मात्रा मोजायला मी पाठीने शिकले.

आता जे लिहायचंय ते कठीण आहे.

साधारण ६८व्या वर्षी त्यांनी तक्रार सुरू केली की तबल्याची चाट, म्हणजे काठाची किनार, बसली. 'ना' पूर्वीसारखा बोलत नाही. पुडी, म्हणजे तबल्याचं वरचं चामडं, बदलून आणली. सहा महिन्यांनी पुन्हा बदलली. पुडी चांगलीच होती. कान जात होते, आणि ते आम्हाला कोणालाच सुचलं नाही, त्यांना तर नाहीच. मग 'सात'चं 'हात' ऐकू यायला लागलं, फोनवर ते दोनदा विचारायला लागले. घरात माणसं जमली, दोघं-तिघं एकदम बोलायला लागले की बाबा हसायचे, पण क्षणभर उशिरा. एक दिवस माझ्या लक्षात आलं की ते आईच्या चेहऱ्याकडे बघून हसतायत. आई हसली की हे हसायचे.

ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्याची सम सांभाळली, त्याची सम आम्ही सांभाळली नाही. मी स्वतः किती वेळा म्हटलंय, "काही नाही बाबा, नंतर सांगते." नंतर कधी सांगितलं नाही. हळूहळू ते शनिवारी आतल्या खोलीत बसायला लागले. कंटाळा येतो म्हणायचे. बाबांना माणसांचा कंटाळा येईल हे मी खरं मानलं, याचं मला आज सगळ्यांत वाईट वाटतं.

पुढे कानाचं यंत्र आणलं. बोलणं बरंच कळायला लागलं. पण गाण्याचं उलटंच झालं. तंबोरा सुरू झाला की ते यंत्र काढून ठेवायचे. "तंबोरा रडतो यातून," म्हणायचे. जिथून यंत्र घेतलं तिथे सांगितलं तर उत्तर मिळालं की या वयात सवय व्हायला वेळ लागतो. आम्हीही तेच धरून बसलो.

शेवटच्या वर्षातली एकच गोष्ट सांगते. माझी मुलगी तबला शिकते. ती लाकडी दिवाणावर बसून तीनताल वाजवत होती आणि बाबा शेजारी, यंत्र काढलेलं, तळहात दिवाणाच्या फळीवर टेकवून. डोळे मिटलेले. मला वाटलं डुलकी लागली. मध्येच म्हणाले, "अकराव्या मात्रेला डग्गा बोलला. तिथे तो गप्प हवा." मुलगी थांबली, तिने पुन्हा वाजवून पाहिलं. खरंच डग्ग्यावरचा तिचा डावा हात 'तिं'ला चुकून पडत होता. दहाव्यापासून तेराव्यापर्यंत डग्गा नसतो, ते त्यांनी तळहाताने पकडलं.

तुमच्यापैकी कोणाच्या घरी असं कोणी असेल तर त्यांच्याविषयी लिहा. आई रोज विचारते, कोणी काय लिहिलं म्हणून. तिला वाचून दाखवेन.

जुनी_वही

वाचून बराच वेळ काही सुचलं नाही. नावापुढे पट्टी लिहिणारा माणूस. तुमच्या बाबांना मनापासून नमस्कार.

टाळी_खाली

लेहराताई, मी तबला शिकवतो. "ठेका दुमडून" हे तुम्ही जे लिहिलंय ते काय आहे हे वाजवणाऱ्यालाच कळेल. ठेका चालू असताना एक मात्रा गिळायची, तीही ऐकणाऱ्याला आणि मुख्य म्हणजे गाणाऱ्याला न कळू देता, हे तयारीच्या कायद्यापेक्षा (सोलोतल्या जलद रचनेपेक्षा) अवघड आहे. शुद्धतावादी म्हणतील की गायकाला चूक कळली पाहिजे. मैफलीत मीही तेच म्हणेन. पण शिकणाऱ्या, बिचकणाऱ्या माणसासमोर तुमच्या वडिलांनी केलं तेच बरोबर. चूक कळायला आधी गाणं पूर्ण व्हावं लागतं.

संगतीविषयी थोडं लिहितो, कारण हल्ली विद्यार्थ्यांना ती दुय्यम वाटते. विलंबित एकतालात मात्रा १२च, पण लय इतकी खाली असते की एक आवर्तन जवळपास मिनिटभर चालतं. दोन मात्रांच्या मधली ती मोकळी जागा भरायची, पण अशी की गायकाला तिथे अडखळायला होऊ नये. धिं धिं धागे तिरकिट. अर्धा-पाऊण तास तेवढंच. हात शिवशिवतात, एखादा तुकडा टाकावासा वाटतो, आणि टाकायचा नाही. उस्ताद अहमदजान थिरकवांसारखा सोलोचा बादशहा गंधर्व नाटक मंडळीत बालगंधर्वांच्या साथीला वर्षानुवर्षं बसला, हे मी मुलांना मुद्दाम सांगतो.

बाबांनी घराण्याची तालीम कुठली घेतली होती?

लेहरा

टाळी_खाली, तुमचं आईला वाचून दाखवलं. "चूक कळायला आधी गाणं पूर्ण व्हावं लागतं" हे तिने दोनदा वाचायला लावलं.

घराण्याचं विचारलंत, तर बाबा ते कधी मिरवायचे नाहीत आणि मीही ते इथे सांगत नाही, त्यांच्या गुरूंचं नाव घ्यावं लागेल. एवढं सांगते की त्यांना बंद बाजाची ओढ होती, चाटेवरचं काम. म्हणून चाट जाणं त्यांना आधी जाणवलं आणि जास्त लागलं.

तबल्याच्या शाईविषयी ते तासभर बोलू शकत. घरी पहिल्यांदा कोणी आलं आणि मधला काळा गोल काय आहे असं विचारलं की बाबांचा चेहरा खुलायचा. साध्या ताणलेल्या चामड्याचे वरचे सूर एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणून बहुतेक बिनशाईचे ढोल नुसते 'धम' करतात. शाईच्या वजनामुळे ते सूर जुळून येतात आणि तबला सुरात बोलतो. सी. व्ही. रामन यांनी १९२० साली यावर 'नेचर'मध्ये लिहिलं, नोबेल मिळायच्या १० वर्षं आधी. "आणि शाई लावणाऱ्या कारागिराला हे त्याच्याही कितीतरी आधीपासून हाताने माहीत होतं," हे वाक्य ते दर वेळी शेवटी घ्यायचे. शाई घोटणाऱ्या माणसाला ते नमस्कार करत.

पाहुणा_एक

मी या संस्थळावर नेहमी वाचतो, लिहीत नाही. आज खास लिहायला आलो. लेहरा, सतरंजी, पट्टीची वही आणि "मला उशीर झाला" एवढ्यावरून मी तुमच्या वडिलांना ओळखलं. त्या वहीत माझं नाव 'ऐ.' असणार.

मी तेव्हा २३ वर्षांचा होतो, पहिली नोकरी, तुमच्या वरच्या मजल्यावर एका खोलीत भाड्याने. त्या गावात एकही ओळखीचं माणूस नाही. ऑफिसातून येऊन दिवा न लावता बसायचो. महिनाभराने एका शनिवारी दुपारी दार वाजलं. काका उभे. म्हणाले, "संध्याकाळी आमच्याकडे तबला वाजतो. वर आवाज येतो का तुम्हाला?" मला वाटलं, आधी कोणी तक्रार केली असेल. म्हटलं, नाही हो, काही त्रास नाही. ते म्हणाले, "त्रास नाही ना? मग जवळून ऐका. सहाला सुरू होतं."

मला गाण्यातलं काडीचं कळत नव्हतं. पहिले काही शनिवार नुसता भिंतीला टेकून बसलो. कोणीही मला "काय गाता?" किंवा "काय कळलं?" असं विचारलं नाही. चौथ्या-पाचव्या वेळी काकांनी वाजवता वाजवता माझ्याकडे बघून भुवई उडवली, आणि सम आली. पुढच्या आवर्तनाला पुन्हा भुवई, पुन्हा सम. त्या संध्याकाळभर ते मला एकट्याला सम दाखवत होते, आणि गाणाऱ्याला पत्ताही नव्हता. शेवटी मीच त्यांच्या आधी मान हलवली. काका जे हसले ते मला आज ३० वर्षांनीही दिसतंय.

मी त्यांचे कान गेल्याचं आज वाचतोय. गाव सोडलं आणि सुरुवातीला फोन करायचो. नंतर फोनवर ते "हो, हो, छान" एवढंच बोलायला लागले, तेव्हा मला वाटलं आता त्यांना माझ्याशी बोलण्यात रस उरला नाही. मी फोन करायचा थांबलो. ऐकू येत नव्हतं त्यांना. हे मला कळायला हवं होतं.

लेहरा

तुम्ही कोण ते कळलं. तुमचं नाव वहीत आहे, 'ऐ.' आहे, आणि पुढे बाबांच्या अक्षरात आहे: 'सम आपली आपण पकडली.' तारीखही आहे. मी फोटो काढून तुम्हाला व्यक्तिगत निरोपात पाठवते.

आईने तुमचा प्रतिसाद स्वतः चष्मा लावून वाचला.

निवांत

लेख फार मनापासून उतरलाय आणि माझा प्रश्न कोणाला दुखवायला नाही. आमच्याही घरी असे वडील होते. दार सदैव उघडं, गाणं, माणसं, रात्री उशिरापर्यंत गप्पा. बाहेरच्यांना ते फार हवेहवेसे वाटत. पण दर शनिवारी एवढ्या माणसांची ऊठबस करणारी माझी आई होती, आणि परीक्षेच्या आदल्या रात्रीही आम्हाला अभ्यासाला कोपरा मिळायचा नाही. वडील गेल्यावर सगळे त्यांच्याविषयीच बोलले. लेहरा, तुमच्या आईंना त्या शनिवारांविषयी काय वाटतं? विचारलंय कधी?

लेहरा

निवांत, दुखावले नाही. हा प्रश्न मी आईला आयुष्यात पहिल्यांदा काल रात्री विचारला, तुमच्यामुळे.

ती आधी गप्प बसली. मग म्हणाली, पहिली चार-पाच वर्षं तिला फार त्रास झाला. शनिवार आला की पोटात गोळा यायचा. एकदा ती बाबांना म्हणाली, "तुम्ही समेवर येता तेव्हा मी आत भांड्यांत असते. मला लग्न होऊन इतकी वर्षं झाली, तुमचं वाजवणं मी एकदाही सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकलेलं नाही." बाबा काही बोलले नाहीत. पुढच्या शनिवारपासून गाणं सुरू व्हायच्या आधी आणि संपल्यावर कामं वाटली जायला लागली. आलेल्यांपैकी दोघं आत, आळीपाळीने, बाबाही त्यात. गाणं चालू असताना आत कोणीही उठायचं नाही. आणि आईची जागा डग्ग्याच्या बाजूला, भिंतीशी, ठरलेली. तिथे दुसरं कोणी बसलं तर बाबा वाजवायला सुरुवात करायचे नाहीत, नुसतेच हातोडी घेऊन घरं तपासत बसायचे, जागा रिकामी होईपर्यंत.

मला ती जागा आठवते. ती का होती हे मला काल कळलं.

पण आई हेही म्हणाली की ती पाच वर्षं गेली ती गेली. ते मी इथे लिहावं असं तिने सांगितलं.

निवांत

आईंना माझा नमस्कार सांगा. मी आज माझ्या आईला फोन करणार आहे.

लेहराची_धाकटी

ताई, सगळं बरोबर लिहिलंस, एक चुकलंस. पाठीवर दादरा तुला. मला रूपक होता.

मी झोपायला फार त्रास द्यायचे म्हणून बाबांनी माझ्यासाठी सात मात्रा काढल्या. ती ती ना, धी ना, धी ना. रूपकात समेलाच खाली, म्हणजे बिनटाळीची मात्रा, असते, म्हणून पहिली मात्रा अगदी हलकी, नुसता स्पर्श. मी त्या स्पर्शाची वाट बघत झोपायचे. माझ्या मुलाला मी तेच करते, मला तबला येत नसूनही.

आणि "नंतर सांगते" मी पण म्हटलंय. तू एकटीच ते घेऊन बसू नकोस.

कानसेन

मी ऑडिओलॉजिस्ट आहे, २० वर्षं हेच काम करतोय. हा धागा परवा वाचला आणि उत्तर द्यावं की नाही यावर दोन दिवस विचार केला, कारण जे लिहिणार आहे त्याने लेहराताईंना त्रास होईल. पण हे वाचणाऱ्या कोणाच्या तरी घरी आज असे वडील असतील, म्हणून लिहितो.

तुमच्या बाबांचं सगळं म्हणणं खरं होतं. एकूण एक.

वयाने ऐकू येणं कमी होतं तेव्हा ते सरसकट कमी होत नाही. वरच्या कंप्रसंख्या आधी जातात. तबल्याच्या 'ना'चा मूळ सूर ऐकू येत राहतो, पण त्याची धार, तो काठावरचा टणत्कार वरच्या पट्ट्यात असतो, तो जातो. म्हणून त्यांना पुडी बसल्यासारखी वाटली. बोलण्यातही तेच. स्वर खालच्या पट्ट्यात आणि जोरकस, पण स, श, फ, थ ही व्यंजनं वर आणि नाजूक. 'सात'मधला 'आ' पोचतो, 'स' पोचत नाही. म्हणून अशी माणसं म्हणतात, "आवाज येतो, शब्द कळत नाही." घरच्यांना वाटतं की हे लक्ष देत नाहीत. त्यातून माणसं जास्त असली, भांड्यांचा, पंख्याचा आवाज असला की उरलेलंही बुडतं.

आता तंबोरा. डिजिटल यंत्रं मुख्यतः बोलणं कळावं म्हणून बेतलेली असतात. यंत्र शिट्टी मारू नये म्हणून त्यात एक सोय असते, ती एकसारखा लांब चालणारा सूर शोधते आणि दाबते, कारण बोलण्यात असा सूर नसतो, शिट्टीत असतो. तंबोरा म्हणजे दुसरं काय आहे? यंत्र त्याला शिट्टी समजतं, दाबायला जातं, सूर डळमळतो, थरथरतो. बासरी, लांबवलेला षड्ज, पेटीचा धरलेला सूर, सगळ्यांचं तेच होतं. तुमचे बाबा म्हणाले "तंबोरा रडतो". मी इतकी वर्षं रुग्णांकडून या दोषाचं वर्णन ऐकतोय, इतकं नेमकं कोणी केलेलं नाही.

यावर उपाय असतो. बहुतेक यंत्रांत गाण्यासाठी वेगळा प्रोग्राम घालून घेता येतो, त्यात ती शिट्टी दाबायची सोय बंद किंवा मंद करतात, गोंगाट कमी करणारी सोय काढतात, आणि बारीक आवाज चढवून मोठा दाबण्याचं प्रमाण कमी करतात. पूर्वीइतकं ऐकू येईल असं मी कोणाला सांगत नाही. पण रडणारा तंबोरा बऱ्याचदा थांबतो.

तळहाताविषयी. त्वचेला कंप सर्वांत चांगले कळतात ते साधारण २५० हर्ट्झच्या आसपास, आणि डग्ग्याचा आवाज त्याच्या जरा खाली, पण त्वचेला कळेल अशाच पट्ट्यात असतो. एव्हलिन ग्लेनी या तालवादक १२व्या वर्षापासून जवळजवळ पूर्ण बहिऱ्या आहेत आणि अनवाणी उभ्या राहून वाजवतात, जमिनीतून ऐकतात. तुमच्या बाबांनी ते आपलं आपण शोधलं.

लेहरा

कानसेन, काल तुमचं वाचलं आणि रात्रभर झोप आली नाही. ते सहा वर्षं सांगत होते आणि आम्ही "सवय होईल" म्हणत होतो. एका प्रोग्रामचा प्रश्न होता.

आईला वाचून दाखवावं की नाही कळत नव्हतं. दाखवलं. तिला रडू येईल असं वाटलं होतं, पण ती म्हणाली, "म्हणजे ते बरोबर होते." दिवसभर तेवढंच म्हणत होती. नातवंडांना, धाकटीला फोनवर, सगळ्यांना. "तुमचे आजोबा बरोबर होते."

लिहिलंत म्हणून आभारी आहे. कृपया कोणी हे वाचून गप्प बसू नका.

अर्धमात्रा

माझे वडील ७४ वर्षांचे. तबला नाही, पेटी. दीड वर्ष झालं यंत्र आणून आणि ते डबीत पडून आहे. आम्हीही म्हणतो हट्टी आहेत. काल हा धागा वाचून त्यांच्यासमोर बसलो आणि नीट विचारलं, यंत्र लावल्यावर पेटी कशी ऐकू येते? त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू कोणी दीड वर्षात पहिल्यांदाच त्यांच्याशी बोललं. म्हणाले, "धरलेला सूर हलतो रे. मला वाटलं माझंच डोकं बिघडलं, म्हणून बोललो नाही."

कानसेन, नेमकं काय मागायचं ते सांगाल का? तिथे गेल्यावर आम्हाला शब्दच सुचत नाहीत.

कानसेन

सांगा की वडील वादक आहेत, गाण्यासाठी वेगळा प्रोग्राम हवा. फीडबॅक कॅन्सलेशन (शिट्टी दाबायची सोय) त्या प्रोग्राममध्ये बंद किंवा मंद करा, नॉइज रिडक्शन (गोंगाट कमी करणारी सोय) काढा, कम्प्रेशन (बारीक चढवून मोठा दाबणं) कमी ठेवा, असं म्हणा. सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे पेटी सोबत न्या. नेणं जमत नसेल तर तंबोऱ्याचं अॅप फोनवर लावा आणि तिथेच बसून ऐकून बदल करून घ्या. एका फेरीत होणार नाही, तीन-चार वेळा जावं लागेल. पेटी फार जवळून वाजत असेल तर आवाज यंत्राच्या मायक्रोफोनला झेपत नाही, फाटतो. अशा वेळी पेटी हळू वाजवून यंत्राचा आवाज वाढवणं बरं.

आणि दीड वर्ष डबीत असेल तर सुरुवात रोज तास-दोन तासांनी करा, शांत खोलीत, एका माणसाशी बोलताना. ऐकू न येणाऱ्या माणसाला एकटं पडू देणं त्याच्या मेंदूलाही चांगलं नाही. डिमेन्शियावरच्या (स्मृतिभ्रंशावरच्या) 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०१७, २०२० आणि २०२४ अशा तिन्ही अहवालांत कमी ऐकू येण्याला टाळता येण्याजोग्या धोक्यांत धरलंय.

लेहरा

अर्धमात्रा, आम्ही फार उशिरा शिकलो ते सांगते. मागून बोलू नका, समोर येऊन बोला, चेहऱ्यावर उजेड असू दे. ओरडू नका, ओरडल्याने शब्द मोडतात. तेच वाक्य पुन्हा न म्हणता वेगळ्या शब्दांत म्हणा. घरात चार जण हसले तर कशाला हसलो ते त्याच वेळी सांगा, लगेच, पाच शब्दांत का होईना.

टाळी_खाली

माझ्या क्लासात या शनिवारी मुलांना डोळे मिटून, तळहात फळीवर ठेवून तीनताल ऐकायला लावला. दहा ते तेरा डग्गा गप्प होतो ते बारापैकी नऊ मुलांना पहिल्या तीन-चार आवर्तनांत कळलं. इतकी वर्षं मी ते फळ्यावर लिहून शिकवत होतो. यापुढे असंच शिकवणार. कोणाकडून शिकलो तेही मुलांना सांगितलं.

अर्धमात्रा

तीन आठवड्यांनी लिहितोय. तीन फेऱ्या झाल्या. पहिल्या फेरीत त्यांनी मनावर घेतलं नाही, दुसऱ्या वेळी पेटी घेऊन गेलो तेव्हा तिथली सगळी माणसं जमा झाली. काल तिसरी.

घरी आल्यावर बाबांनी तंबोऱ्याचं अॅप लावलं, पांढरी चारला, आणि पेटी पुढ्यात ओढली. लगेच वाजवली नाही. नुसता षड्ज धरून ठेवला, भात्यावरचा हात इतका हळू की जेमतेम हवा जात होती. मिनिट, दीड मिनिट. मी दारात उभा होतो. मग डोळे न उघडता म्हणाले, "हलत नाहीये."

मी विचारलं, काय बाबा?

म्हणाले, "नंतर सांगतो. बस इथे, ऐक."

आईपण येऊन बसली. रात्री साडेअकरापर्यंत वाजवत होते.